एकच सिम, दोन फोन : साताऱ्यात नवा फोन घेण्यापूर्वीची पारख

एकाच कंपनीचे सिम दोन वेगवेगळ्या फोनमध्ये घातले तर दोन्हींना रेंज सारखीच मिळणार, असा बहुतेकांचा समज असतो आणि अनेक वर्षे तो माझाही होता. मी जावळी तालुक्यात, केळघरच्या पलीकडच्या एका वाडीवरील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, राहायला साताऱ्यात गोडोलीला आहे आणि रोज मेढ्यावरून ये-जा करते. काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाने अमेरिकेहून आणलेला फोन मी वापरायला घेतला होता. साताऱ्यात तो व्यवस्थित चालत असे. शाळेच्या आवारात पाऊल ठेवले की मात्र त्याची रेंज जायची, आणि त्याच वेळी माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारी बाईंच्या फोनवर, त्याच कंपनीच्या सिमवर, पालकांचे फोन येत असायचे. वडिलांना छातीत दुखू लागले म्हणून दवाखान्यात नेले त्या दिवशी घरच्यांनी मला अकरा वेळा फोन लावला आणि त्यांतला एकही लागला नाही. निरोप मिळाला तो सहकारी बाईंच्या फोनवरून. वडील पुढे बरे झाले, पण त्या दिवशीचा मेढा ते सातारा प्रवास मी विसरलेले नाही.

म्हणून पुढच्या वेळी मी घाई केली नाही. किमतीत फारसा फरक नसलेले दोन फोन निवडले, एक काळा आणि एक निळा, आणि माझे जुनेच सिम दोन्हींत आळीपाळीने घालून ते माझ्या रोजच्या जागांवर तपासले. सिमची कंपनी बदलण्याचा प्रश्न नव्हता, कारण तो क्रमांक बँक, आधार आणि शाळेच्या सगळ्या नोंदींना जोडलेला आहे. प्रश्न एवढाच होता की या सिमला दोघांपैकी कोणता फोन चांगली साथ देतो. ज्यांना असाच निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी ती सगळी पद्धत क्रमाने लिहीत आहे. त्या दोन फोनची नावे मी देत नाही, कारण चार जागांवरच्या माझ्या नोंदींवरून कोणी एखाद्या कंपनीविषयी मत बनवावे हे योग्य होणार नाही. पुढे जिथे बाजारातील मॉडेलांची नावे येतात तिथे ती फक्त छापील वैशिष्ट्ये कशी वाचावीत हे दाखवण्यासाठी आहेत.

सुरुवात करण्यापूर्वी एवढे जवळ ठेवा :

- आपले चालू सिम आणि सिमचा ट्रे उघडण्याची पिन.
- एक वही. फोनमध्येच नोंदी केल्या तर फोन बदलताना त्या हाताशी राहत नाहीत.
- दोन्ही फोनचे पूर्ण मॉडेल क्रमांक, म्हणजे डब्यावर आणि सेटिंग्जमध्ये ‘मॉडेल नंबर’ म्हणून दिलेली अक्षरे आणि आकडे. एकाच नावाखाली वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळे संच विकले जातात.
- हप्त्यांवर घेणार असाल तर पॅन, आधार आणि बँकेचे तपशील. रोख किंवा यूपीआयने पूर्ण रक्कम देणाऱ्याने आधारची प्रत देण्याचे कारण नाही.
- जुना फोन देऊन नवा घेणार असाल तर जुन्याचे बिल.

१. आपल्या जागा लिहून काढा

पहिले काम वहीत आहे. दिवसाचे चोवीस तास आपण कुठे घालवतो आणि त्यांतल्या कोणत्या जागी फोन लागणे खरोखर महत्त्वाचे आहे, हे लिहा. माझ्या यादीत चार जागा आल्या : गोडोलीच्या घरातील आतली खोली, चिमणपुरा पेठेतील माहेरच्या जुन्या वाड्याचे माजघर, मेढ्याचा एसटी स्टँड आणि शाळेचा व्हरांडा. पाचवी जागा म्हणून मी पोवई नाक्याचा भुयारी मार्ग लिहिला होता, पण चालत्या गाडीतल्या नोंदी दर वेळी वेगळ्या येतात, म्हणून ती खोडली. ज्या जागी आपण दहा मिनिटे तरी थांबतो तीच जागा यादीत घ्यावी.

सातारा जिल्ह्यात या कामाला जरा जास्तच महत्त्व आहे. शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, पश्चिमेला यवतेश्वर आणि कासचे पठार, आणि त्यापुढे जावळी, महाबळेश्वर, पाटण हे सगळे डोंगर आणि खोऱ्यांचे तालुके. टॉवर आणि आपण यांच्यामध्ये डोंगराची एक सोंड आली तरी चित्र बदलते. फलटण किंवा खटावच्या सपाट भागातील मित्राचा अनुभव केळघरला लागू पडत नाही.

२. कंपनीचे बँड आणि फोनचे बँड जुळवून पाहा

मोबाइल कंपन्या वेगवेगळ्या लहरींवर सेवा देतात आणि त्या लहरींच्या पट्ट्यांना ‘बँड’ म्हणतात. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारितेच्या लहरी दूर जातात, भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतात आणि डोंगराच्या आडोशालाही थोड्याफार पोहोचतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी भरपूर डेटा वाहून नेतात, पण त्यांचा पल्ला कमी आणि जाड भिंतीपुढे त्या लवकर हार खातात. खोऱ्यात राहणाऱ्याचा आणि दगडी वाड्यात राहणाऱ्याचा खरा आधार कमी वारंवारितेचाच असतो.

जिओचे फोर-जी मुख्यतः बँड ५ म्हणजे ८५०, बँड ३ म्हणजे १८०० आणि बँड ४० म्हणजे २३०० मेगाहर्ट्झवर चालते. एअरटेलचे फोर-जी बँड १, ३, ८ आणि ४० वर, आणि यांतला बँड ८ म्हणजे ९०० मेगाहर्ट्झ. बीएसएनएलच्या फोर-जीसाठी बँड २८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, महत्त्वाचा आहे. भारतात अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये हे बहुतेक सगळे बँड असतात, तरीही गृहीत धरू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांकासमोर बँडची यादी दिलेली असते, ती वहीत उतरवून घ्या आणि आपल्या सिमच्या कंपनीच्या बँडशी एकेक करून जुळवा. परदेशातून आणलेल्या माझ्या फोनमध्ये नेमका हाच दोष निघाला : शाळेपर्यंत ज्या बँडवर रेंज पोहोचते तो त्या फोनला ऐकूच येत नव्हता.

बँडइतकीच महत्त्वाची गोष्ट व्होल्टीची, म्हणजे फोर-जीच्या जाळ्यावरूनच फोनवर बोलता येण्याच्या सोयीची. जिओचे टू-जी आणि थ्री-जी जाळे नाही, त्यामुळे फोनमध्ये त्या सिमसाठी व्होल्टी चालू झाले नाही तर इंटरनेट चालेल, पण साधा फोन लागणार नाही. परदेशी संचांत भारतीय कंपन्यांसाठीची ही सोय पुष्कळदा उघडलेली नसते. भेट म्हणून आलेला फोन असला तरी तो स्वीकारण्याआधी आपले सिम घालून एक फोन लावून पाहा.

फाइव्ह-जीबद्दल थोडक्यात सांगते. देशात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. जिओने स्वतंत्र, म्हणजे ‘स्टँडअलोन’ पद्धत स्वीकारली आणि एअरटेलने सुरुवात फोर-जीच्या आधाराने चालणाऱ्या, म्हणजे ‘नॉन-स्टँडअलोन’ पद्धतीने केली. म्हणून जिओचे सिम असेल तर फोनच्या माहितीत ‘एसए’ आणि एन२८, एन७८ हे फाइव्ह-जीचे बँड आहेत ना ते पाहा. एअरटेलचे असेल तर ‘एनएसए’ आणि एन७८ पाहा. चालू फोर-जी सिमवरच फाइव्ह-जी मिळते, त्यासाठी सिम बदलून घ्यावे लागत नाही. ज्याचा दिवस डोंगरपट्ट्यात जातो त्याने मात्र फाइव्ह-जीच्या वेगावरून फोन निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

३. दोन्ही फोन एका दिवसासाठी मिळवा

ही पायरी बहुतेक जण टाळतात, कारण मागायला संकोच वाटतो. दुकानात मांडलेल्या नमुन्याच्या फोनमध्ये सिम घालू देतीलच असे नाही, आणि दिले तरी ते दुकानातल्या रेंजवर तपासले जाते, आपल्या माजघरात नाही. म्हणून ओळखीपाळखीत चौकशी करा. काळा फोन माझ्या धाकट्या दिरांनी नुकताच घेतला होता आणि निळा शेजारच्या इमारतीतील एका बाईंकडे होता. रविवार संपवून सोमवारी परत देईन, असे सांगितल्यावर दोघांनीही आनंदाने दिला. शाळेतील नोंदीसाठी मी त्या सोमवारी सकाळी दोन्ही फोन घेऊन गेले आणि संध्याकाळी परत केले. मॉडेल क्रमांक आपण घेणार त्याच संचाचा आहे, एवढी खात्री करा.

येथे दोन सापळे आहेत. उसन्या फोनमध्ये आपले सिम घातल्यावर यूपीआय किंवा बँकेचे अॅप उघडू नका आणि व्हॉट्सअॅपची नोंदणीही करू नका. ही अॅप फोन आणि सिम यांची जोडी एसएमएसने पडताळतात. त्यामुळे नोंदणी तुमच्या हातून दुसऱ्याच्या फोनवर जाते आणि सिम परत आणल्यावर सगळे पुन्हा करत बसावे लागते. दुसरा सापळा ई-सिमचा, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या, बाहेर काढता न येणाऱ्या सिमचा. तपासणी पूर्ण होईपर्यंत हातात धरता येईल असे सिमच ठेवा, कारण ई-सिम दर अर्ध्या तासाने या फोनमधून त्या फोनमध्ये नेणे सोपे नाही.

४. वरच्या काड्या पाहू नका, आकडा वाचा

फोनच्या कोपऱ्यात रेंजच्या ज्या चार-पाच काड्या दिसतात, त्यांतील किती केव्हा भरायच्या हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. त्यामुळे एका फोनच्या तीन काड्या आणि दुसऱ्याच्या दोन यांची तुलना करून काहीच कळत नाही. खरा आकडा आत असतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग ‘अबाउट फोन’, मग ‘स्टेटस’ आणि ‘सिम स्टेटस’ या मार्गाने गेल्यावर ‘सिग्नल स्ट्रेंथ’ समोर डीबीएममध्ये, म्हणजे लहरींची शक्ती मोजण्याच्या एककात, एक ऋण संख्या दिसते. मार्गातील नावे फोनप्रमाणे थोडी बदलतात. काही अँड्रॉइड फोनमध्ये डायल पॅडवर *#*#४६३६#*#* दाबल्यास अधिक तपशील उघडतात. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* डायल करून फोनचे बटण दाबले की ‘फील्ड टेस्ट’ उघडते आणि त्यात ‘आरएसआरपी’, म्हणजे फोनपर्यंत पोहोचलेल्या लहरींची शक्ती, हा आकडा शोधावा.

आकडा ऋण असल्यामुळे शून्याच्या जवळचा तो चांगला. फोर-जीवर -८० च्या आसपास उत्तम, -१०० च्या आसपास कामचलाऊ, -११० च्या खाली गेल्यावर बोलणे तुटू लागते आणि -१२० ला फोन जवळजवळ बहिरा होतो. ही मोजपट्टी साधी नाही, हे ध्यानात घ्या : ३ चा फरक म्हणजे शक्ती दुप्पट किंवा निम्मी, आणि १० चा फरक म्हणजे दहापट.

नोंद घेण्याची माझी पद्धत अशी होती. दोन्ही फोनवर पसंतीचे नेटवर्क फोर-जीच ठेवले, कारण एकाचा फाइव्ह-जीचा आणि दुसऱ्याचा फोर-जीचा आकडा शेजारी ठेवणे चुकीचे आहे. सिम काळ्या फोनमध्ये घालून तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिशेने, कव्हर काढून ठेवला, एअरप्लेन मोड एकदा चालू-बंद केला आणि दोन मिनिटे हात न लावता थांबून आकडा लिहिला. मग तेच सिम निळ्या फोनमध्ये घालून तेच सगळे केले. असे काळा, निळा, काळा, निळा या क्रमाने प्रत्येकी तीन वेळा, कारण टॉवरवरची गर्दी बदलली की आकडा हलतो आणि एकाच वाचनावर विसंबणे अन्यायाचे ठरते. तीनमधला मधला आकडा पक्का धरला.

वहीतील ते पान आजही माझ्याजवळ आहे. गोडोलीतील आतली खोली : काळा -९४, निळा -९६. चिमणपुऱ्यातील माजघर : काळा -१०८, निळा -१११. मेढा स्टँड : काळा -८८, निळा -८७. शाळेचा व्हरांडा : काळा -१०९, निळा -११७. पहिल्या तीन जागांवरील फरक दुर्लक्ष करण्याजोगा आहे, आणि मेढ्याला तर निळा किंचित पुढे होता. शाळेतील ८ चा फरक मात्र शक्तीत मोजला तर सुमारे सहापट होतो. फक्त साताऱ्यात तपासले असते तर दोन्ही फोन सारखेच, असा निष्कर्ष निघाला असता आणि तो माझ्या दृष्टीने साफ चुकीचा ठरला असता. म्हणून यादीतील सर्वांत वाईट जागा कधीही गाळू नका.

एक पुस्ती जोडते. फोन टेबलावर ठेवून घेतलेली नोंद आणि हातात धरून कानाला लावल्यावरची नोंद यांत फरक पडतो, कारण अँटेना बहुधा कडांमध्ये असतात आणि आपली बोटे नेमकी तिथेच येतात. धातूची पट्टी असलेली किंवा जाड चुंबकी कव्हरे हा फरक वाढवू शकतात. दोन्ही फोन तुमच्या नेहमीच्या पकडीत धरूनही एकदा आकडा पाहा.

५. बोलून पाहा, आणि समोरच्याला विचारा

प्रत्येक जागेवरून प्रत्येक फोनवरून पाच फोन लावा आणि किती लागले, किती तुटले ते लिहा. शाळेतून काळ्यावर पाचही लागले. निळ्यावर दोन मध्येच तुटले. याशिवाय आवाज हा वेगळा विषय आहे. मी दोन्ही फोनवरून, डोक्यावर पंखा चालू ठेवून, आईला फोन केला. तिला कमी ऐकू येते आणि ती स्पष्ट बोलते. एका फोनवर ती म्हणाली, “अगं, रांजणात तोंड घालून बोलतेस का?” आणि दुसऱ्यावर काहीच न म्हणता भाजीचे भाव सांगू लागली. आजूबाजूचा गोंगाट गाळण्याच्या नादात काही फोन बोलणाऱ्याचा आवाजही पोकळ करतात, आणि हे छापील माहितीत कुठेही लिहिलेले नसते.

जुन्या पेठांत राहणाऱ्यांनी वायफाय कॉलिंग अवश्य तपासावे. दोन हात जाडीच्या भिंतींच्या वाड्यात बाहेरची रेंज आत येत नाही, पण घरात ब्रॉडबँड असेल तर फोन त्यावरून लागू शकतो. एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. तीही फोनचे मॉडेल आणि सिमची कंपनी या दोघांनी मिळून मान्य केलेली असावी लागते, म्हणून सेटिंग्जमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू करून, एअरप्लेन मोड लावून, फक्त वायफाय सुरू ठेवून एक फोन करा. लागला तर सोय आहे. माझ्या माहेरच्या माजघराचा प्रश्न यानेच सुटला.

६. बॅटरी कमी रेंजमध्ये जोखा

रेंज क्षीण असली की फोन टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी जास्त शक्तीने लहरी सोडतो, पुन्हा पुन्हा शोध घेतो, आणि त्यामुळे बॅटरी उतरते व फोन तापतो. डब्यावर ५००० एमएएच लिहिलेले दोन फोन शहरात सारखे टिकतात आणि खोऱ्यात तेच दोन वेगळे वागतात. शाळेत सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत सिम घातलेला फोन खिडकीत नुसता ठेवून किती टक्के उतरतो ते पाहा. एक दिवस हाती असेल तर दोन्ही फोनना दोन-दोन तास द्या. पावसाळ्यात केळघर-महाबळेश्वर भागात वीज तासन्‌तास जाते, त्या काळात वीज आल्यावर मिळालेल्या अर्ध्या तासात किती चार्ज होतो हेही तितकेच मोलाचे ठरते.

७. आता कागदावरची तुलना

जाहिरातीतील माहिती मी मुद्दाम इतक्या उशिरा घेतली. प्रत्यक्ष तपासणीत दोन्ही फोन उतरले तरच तिला अर्थ आहे. नमुना म्हणून २०२४ मधील दोन प्रतिस्पर्धी मॉडेल घेऊ : सॅमसंग गॅलेक्सी ए३५ आणि शाओमीचा रेडमी नोट १३ प्रो फाइव्ह-जी. ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवणीचा ए३५ मार्च २०२४ मध्ये ३०,९९९ रुपयांना आला आणि तेवढ्याच क्षमतेचा रेडमी जानेवारी २०२४ मध्ये २५,९९९ रुपयांना. वरवर पाहता पाच हजारांचा फरक.

आता आत पाहा. ए३५ ला अँड्रॉइडच्या ४ नव्या आवृत्त्या आणि ५ वर्षे सुरक्षा अपडेट देण्याचे आश्वासन होते, तर रेडमीला ३ आवृत्त्या आणि ४ वर्षे. रेडमीच्या डब्यात ६७ वॅटचा चार्जर येतो. ए३५ च्या डब्यात फक्त केबल, आणि २५ वॅटचा चार्जर वेगळा घ्यावा लागतो. ए३५ मध्ये दुसऱ्या सिमच्या जागी मेमरी कार्ड घालता येते, रेडमीत कार्डाची जागाच नाही; उलट रेडमीत साध्या हेडफोनचे छिद्र आहे, ए३५ मध्ये नाही. रेडमी १८७ ग्रॅमचा, ए३५ २०९ ग्रॅमचा. ए३५ ला आयपी६७ मानांकन आहे, रेडमीला आयपी५४.

या शेवटच्या आकड्यांचा अर्थ अनेकांना ठाऊक नसतो. आयपीनंतरचा पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. दुसरा अंक ४ म्हणजे उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव, आणि ७ म्हणजे १ मीटर खोल गोड्या पाण्यात ३० मिनिटांपर्यंत बचाव. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच पावसातून दुचाकीवर जाणाऱ्याला हा फरक पाच हजार रुपयांचा वाटू शकतो, तर राजवाड्याजवळच्या दुकानात दिवसभर बसणाऱ्याला तो शून्य आहे. मात्र मानांकन कितीही असले तरी पाण्याने झालेला बिघाड वॉरंटीत बहुधा धरला जात नाही, हे अटींमध्ये स्वतः वाचून घ्या.

रॅमचा आकडा वाचताना ‘८+८’ अशा जोडणीला भुलू नका. दुसरे ८ जीबी साठवणीतून उसने घेतलेले असतात. साठवण १२८ जीबी असली तरी त्यातला बराच भाग फोनच्या स्वतःच्या प्रणालीने व्यापलेला असतो. शाळेचे व्हिडिओ आणि कागदपत्रे साठवणाऱ्या माझ्यासारखीने कार्डाची सोय नसल्यास २५६ जीबीच घ्यावे. लहरींच्या शरीरावरील परिणामाची काळजी वाटत असेल तर *#०७# डायल करून ‘एसएआर’, म्हणजे शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींचे प्रमाण, पाहा : भारतातील मर्यादा किलोग्रॅममागे १.६ वॅट आहे.

मराठी लिहून पाहणे विसरू नका. भारतातील आयएस १६३३३ भाग ३ या मानकानुसार फोनवर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषा वाचता येणे आवश्यक आहे, पण वाचता येणे आणि सोयीने लिहिता येणे यांत अंतर आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘ज्ञानेश्वर’, ‘बाळ्या’ हे शब्द दोन्ही फोनवर टंकित करा. माझ्या आधीच्या फोनवर ‘ऱ्या’ लिहायला चार वेळा बोटे फिरवावी लागत.

८. दुरुस्ती कुठे होते ते स्वतः जाऊन पाहा

‘साताऱ्यात आमचे सर्व्हिस सेंटर आहे’ या वाक्यावर थांबू नका. प्रत्यक्ष जाऊन विचारा की पडदा आणि बॅटरी येथेच बदलतात का, की फोन फक्त गोळा करून पुण्याला किंवा कोल्हापूरला पाठवतात. दोन्ही शहरे साताऱ्यापासून शंभर किलोमीटरहून लांब आहेत आणि पाठवलेला फोन परत येईपर्यंत आपण फोनशिवाय असतो. माझा मागचा फोन याच कारणाने सतरा दिवस माझ्याकडे नव्हता. दोन्ही मॉडेलच्या पडद्याची आणि बॅटरीची किंमत लेखी मागून घ्या. काही कंपन्या सुट्या भागांचे दर संकेतस्थळावर देतात. पडद्याची किंमत फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असेल तर मी तो फोन घेणार नाही.

९. दुकानात

निर्णय झाल्यावर घाई सुरू होते आणि चुका येथेच घडतात. क्रमाने करा. डबा सीलबंद आहे का ते पाहा. आपल्यासमोर उघडायला सांगा. *#०६# डायल करून दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे त्या संचाचा ओळख क्रमांक, डब्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी अंक अंक जुळवा. मग मोठ्या इंग्रजी अक्षरांत केवायएम (KYM), एक जागा मोकळी आणि पुढे तो पंधरा अंकी क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवा. हा संच खरा आहे की त्याच्यावर काही अडथळा आहे, ते उत्तरात कळते. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरही हीच सोय आहे. पांढऱ्या पडद्यावर काळे ठिपके नाहीत ना, स्पीकर, कॅमेरे आणि चार्जिंग चालते ना, आणि आपल्या सिमवरून फोन लागतो ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहा.

बिल घ्याच. मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो’ असे कोणी म्हटले, तर त्या दोन हजारांत आपण वॉरंटी आणि तक्रारीचा हक्क दोन्ही विकतो. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हटले तरी प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरील कर वेगळे लागू शकतात, म्हणून शेवटचा हप्ता भरेपर्यंत एकूण किती रुपये जातील तो आकडा कागदावर लिहून मागा.

सिमच्या कंपनीबरोबरच्या योजनेत फोन स्वस्त मिळत असेल तर तो त्या कंपनीशी बांधलेला आहे का ते विचारा. २०२३ मध्ये एअरटेलबरोबर विकला गेलेला पोको सी५१ अठरा महिने दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालत नव्हता. कंपनी बदलायची नसेल तर यात काही गैर नाही, फक्त आधी माहीत असावे.

१०. पहिले पंधरा दिवस

बिलाचा स्पष्ट फोटो काढून स्वतःच्याच ईमेलवर पाठवा, कारण बिलाची शाई वर्षभरात उडते. फोनची वॉरंटी सामान्यतः १ वर्षाची आणि चार्जर-केबलची ६ महिन्यांची असते. त्यानंतर वही काढून आपल्या चारही जागांवर नव्या संचाच्या नोंदी पुन्हा घ्या आणि उसन्या फोनच्या नोंदींशी ताडून पाहा. एकाच मॉडेलचा एखादा संच सदोष निघू शकतो. माझ्या नव्या काळ्या फोनची शाळेतील नोंद -११० आली, म्हणजे दिरांच्या फोनपेक्षा एकानेच कमी, आणि तेवढा फरक रोजच पडतो. ८ किंवा १० चा फरक दिसला तर लगेच, बदलून देण्याच्या मुदतीत, दुकानाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

दुकानदार आणि कंपनी दोघांनीही टोलवाटोलवी केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तेथे जाता येते, आणि दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. बिल, तक्रारीची पोच आणि वहीतील तारीखवार नोंदी सोबत न्याव्यात. जुना फोन कोणाला देण्यापूर्वी त्यातील गुगल किंवा अॅपल खाते काढून टाका, तो पूर्ण पुसा, आणि यूपीआय, बँक व व्हॉट्सअॅप नव्या फोनवर सुरळीत सुरू झाल्यावरच तो हातावेगळा करा.